वेळणेश्वर : गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवरचे गाव

इतिहासाच्या पुस्तकात गाव येते ते बहुधा एखाद्या लढाईमुळे, तहामुळे किंवा थोर पुरुषाच्या जन्मामुळे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याचे उदाहरण घेतले तर अंजनवेल हे गोपाळगड किल्ल्यामुळे आणि कोतळूक हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १८६६ सालच्या जन्मामुळे आपल्याला ठाऊक असते. पण ज्या गावात किल्ला नाही, लढाई नाही, त्याचा इतिहास कसा वाचायचा? आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळा अशाच गावांत आहेत. म्हणून या लेखासाठी आम्ही याच तालुक्यातले वेळणेश्वर हे किनाऱ्यावरचे गाव निवडले आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला जांभ्या दगडाचा सडा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड-पोफळींची आगरे, घरे व शंकराचे देऊळ अशी त्याची ठेवण आहे. माणसे नेमकी या चिंचोळ्या पट्टीतच का वसली, हा आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना इतिहास, भूगोल आणि भौतिकशास्त्र हे तीनही विषय लागतील.

नावातली सीमा

संस्कृतात 'वेला' या शब्दाचे अर्थ आहेत मर्यादा, समुद्रकिनारा, भरती आणि काळ. मराठीतली 'वेळ' याच शब्दातून आली. वेळणेश्वर म्हणजे वेळेचा, म्हणजे समुद्रकाठाचा ईश्वर, असा अर्थ चपखल बसतो. 'वेळ न लावता पावणारा देव' अशीही एक समजूत सांगितली जाते. गावाच्या नावांच्या व्युत्पत्ती सहसा पुराव्याने सिद्ध करता येत नाहीत, तेव्हा तिच्यावर फार भार देऊ नये. परंतु 'वेला' या शब्दात सीमा आणि किनारा एकत्र आले आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे गाव खरोखरच सीमेवरचे आहे. मात्र ही सीमा राज्याराज्यांतली नसून जमीन आणि समुद्र यांच्यामधली आहे. पुढे पाहू त्याप्रमाणे, तिचा महत्त्वाचा भाग जमिनीखाली आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

पायाखालची जमीन किती जुनी?

वस्ती केव्हा झाली हे विचारण्याआधी वस्तीला लागणारी जमीन केव्हा तयार झाली हे विचारायला हवे. कोकणातला मूळ खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. वर असलेला जांभा हा त्याच बेसॉल्टच्या विघटनातून पुढे तयार झाला. किनाऱ्यावरची वाळूची पट्टी मात्र या दोघांच्या मानाने अगदी तान्ही आहे.

याचे कारण समुद्राच्या पातळीत आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे पुष्कळ पाणी ध्रुवांकडच्या बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी कोकणचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून दूर पश्चिमेला होता. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढत आला आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावू लागला. लाटांनी वाळूचे बांध रचायला सुरुवात केली ती त्यानंतर. म्हणजे आज ज्या वाळूवर आगरे आहेत, तिथे दहा हजार वर्षांपूर्वीची किनाऱ्याची वस्ती सापडणे शक्यच नाही. परशुरामाने समुद्र हटवून कोकण मिळवले ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. वाळूच्या या पट्टीपुरते बोलायचे तर ती जमीन समुद्रानेच आणून टाकली आहे.

याचा अर्थ त्याआधी या भागात माणूस नव्हता असा नाही. तो उंचावर होता. वेळणेश्वरच्या उत्तरेस असलेल्या पालशेत परिसरात सुसरोंडी येथील गुहेत अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाल्याचे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी नोंदवले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू इत्यादी ठिकाणच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली मोठमोठी कातळशिल्पे आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. ती कोरणारी माणसे सड्यावर वावरत होती. किनाऱ्यावर कायमची घरे बांधून राहायचे तर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बारमाही गोडे पाणी.

वाळूत गोडे पाणी कसे?

समुद्रापासून शंभर-दोनशे पावलांवर विहीर खणली तर खारे पाणी लागेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कोकणच्या किनाऱ्यावर अशा शेकडो उथळ विहिरी आहेत आणि त्यांच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या माणसे जगली आहेत. हे कसे घडते?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वाळूवर पडलेले पाणी वाहून न जाता आत मुरते. खाली वाळूच्या कणांमध्ये समुद्राचे पाणी आधीच शिरलेले असते. गोडे पाणी हलके आणि खारे पाणी जड, त्यामुळे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. मधल्या वाळूमुळे ते सहज मिसळत नाही. बर्फाचा तुकडा पाण्यावर तरंगताना थोडा वर आणि बराचसा खाली असतो, तसाच हा गोड्या पाण्याचा थर थोडा समुद्रसपाटीच्या वर आणि पुष्कळ खाली असतो.

किती खाली, हे सोप्या गणिताने काढता येते. गोड्या पाण्याची घनता १.००० आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ धरू. समजा, विहिरीतील पाणी समुद्रसपाटीपेक्षा 'उ' मीटर उंच आहे आणि गोडे पाणी सपाटीखाली 'ख' मीटरपर्यंत पोचले आहे. तळाशी दोन्ही बाजूंचा दाब सारखा असला पाहिजे. म्हणजे

१.००० × (उ + ख) = १.०२५ × ख

यावरून ख = ४० × उ असे उत्तर येते. सपाटीच्या वर पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. हा नियम डच अभियंता बाडोन गायबेन याने १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग याने १९०१ साली स्वतंत्रपणे मांडला. तो दोघांच्या नावाने ओळखला जातो.

आपल्या किनाऱ्यावर हे उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही. वाळूखाली काही मीटरवरच कठीण खडक लागतो, भरती-ओहोटीमुळे सीमेवरचे पाणी थोडे मिसळतेही. पण नियमाचा मथितार्थ महत्त्वाचा आहे. वरची पातळी जरा खाली गेली की खालची खारी सीमा कितीतरी पटींनी वर सरकू पाहते. विहिरीचे पाणी अर्धा मीटर उपसले तर तिच्याखाली खारे पाणी, वेळ मिळाल्यास, वीस मीटर चढू शकते.

झाडेही ही सीमा दाखवतात. माड थोडा खारेपणा सहन करतो. पोफळीची मुळे उथळ असतात, तिला सावली आणि गोडे पाणी लागते. म्हणूनच समुद्राच्या बाजूला माड आणि आत, त्यांच्या सावलीत, पोफळी अशी रचना किनाऱ्यावरच्या आगरांत आढळते. आता समुद्राकडच्या बाजूला सुरूची झाडेही दिसतात, पण सुरू हा बाहेरून आलेला वृक्ष आहे. त्याची लागवड आपल्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकापासूनची.

सड्यावरची टाकी

वाळूतला साठा हा पाण्याचा एक आधार, दुसरा आधार आहे सडा. जांभा दगड हातात घेऊन पाहिला तर त्यात असंख्य छिद्रे दिसतात. उष्ण हवा आणि जोरदार पाऊस यांच्यामुळे बेसॉल्टमधली विरघळणारी द्रव्ये दीर्घ काळात धुपून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. त्यांचाच हा दगड. पावसाचे पाणी त्याच्या भेगा-छिद्रांतून खाली झिरपते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पऱ्ह्यांना पावसाळ्यानंतरही काही महिने पाणी राहते ते यामुळेच. म्हणजे पायथ्याची पट्टी ही दोन पाणीसाठ्यांच्या मधली जागा आहे. एक साठा वर सड्यात, दुसरा खाली वाळूत. वस्ती तिथेच का झाली याचे उत्तर इथे मिळते.

जांभ्याला शास्त्रीय नाव देणाऱ्या फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात केरळातील या दगडाचे वर्णन केले. विटेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने 'लॅटेराइट' हे नाव बनवले. जमिनीत असताना हा दगड मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो, आणि उघड्यावर आल्यानंतर कडक होतो, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते. कोकणातल्या माणसाला हे आधीपासून माहीत होते. घराची जोती, विहिरीचे बांधकाम, आगराभोवतीचे गडगे, सड्यावरून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाड्या हे सगळे चिऱ्यांचे. गावाच्या ऐतिहासिक खुणा म्हणून आपण देवळाकडे बोट दाखवतो. पण शंभर वर्षे पावलांनी झिजलेली पाखाडी आणि दोराच्या खाचा पडलेला विहिरीचा काठ, ह्याही तेवढ्याच अस्सल खुणा आहेत.

दोन खाड्यांच्या मध्ये

आता नकाशा पाहू. गुहागर तालुक्याच्या उत्तरेस वाशिष्ठीची म्हणजे दाभोळची खाडी आणि दक्षिणेस शास्त्री नदीची म्हणजे जयगडची खाडी आहे. वेळणेश्वर या दोहोंच्या मधल्या किनाऱ्यावर येते.

जुन्या काळी मोठ्या गलबतांना उघडा किनारा उपयोगाचा नसे. वाऱ्या-लाटांपासून आडोसा आणि घाटाकडे जाणारा जलमार्ग या दोन्ही गोष्टी खाडीच्या मुखाशी मिळत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात चौलच्या दक्षिणेकडील काही बंदरांची नावे येतात. त्यातील मेलिझइगरा म्हणजे जयगड असावे असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. दाभोळ तर बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याने ते जाळले. त्या बंदराच्या वैभवाची आठवण म्हणून एक जुनी मशीद दाभोळला आजही उभी आहे. वाशिष्ठीच्या मुखावर गोपाळगड आणि शास्त्रीच्या मुखावर जयगड हे किल्ले खाडीवर पहारा करीत. आदिलशाही, मराठे, सिद्दी, आंग्रे, पेशवे अशा सत्तांच्या चढाओढीत हे किनारे सापडले आणि १८१८ साली दोन्ही किल्ले इंग्रजांकडे गेले. गोपाळगडाची तटबंदी आणि जमिनीच्या बाजूचा खंदक पाहताना लक्षात येते की तिथला दगडही जांभाच आहे.

वेळणेश्वराला अशी खाडी नाही. म्हणून ते बंदर झाले नाही, बाजारपेठ झाले नाही आणि शहरही झाले नाही. मासेमारी, आगर आणि उतारावरचे भात एवढ्यावर जगणारे गाव राहिले. दाभोळ जळाले, सत्ता बदलल्या, व्यापार दुसरीकडे गेला. पण जमिनीखालच्या पाण्यावर जगणाऱ्या गावाला तेथून हलण्याचे कारण नव्हते.

गावाचा पहिला लेखी पुरावा कोणता, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. आसपासच्या प्रदेशात बाराव्या शतकात शिलाहारांची सत्ता होती. चिपळूण येथे मिळालेला राजा मल्लिकार्जुन याचा शिलालेख शके १०७८ म्हणजे इ.स. ११५६ चा आहे. एखाद्या देवळाला 'हजार वर्षांचे' म्हणताना असा शिलालेख, ताम्रपट किंवा दप्तरातील नोंद हाती आहे का, हे विचारण्याची सवय मुलांना लावली पाहिजे.

देऊळ आणि बामणघळ

समुद्राजवळचे वेळणेश्वराचे देऊळ वेळोवेळी जीर्णोद्धार होत आजच्या रूपाला आले आहे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. गाडगीळ, वेलणकर इत्यादी अनेक कुटुंबांचे हे कुलदैवत. वेलणकर हे आडनावच या गावावरून पडलेले आहे. सतराव्या-अठराव्या शतकांपासून कोकणातून पुष्कळ कुटुंबे घाटावर आणि पुढे देशभर गेली. चिंचोळ्या पट्टीत पाणी मिळते, पण जमीन वाढत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण. गेलेली माणसे आडनाव आणि कुलदैवत घेऊन गेली. आडनावांची यादी करून कोणते गाव कोठवर पोचले याचा नकाशा काढणे हा वर्गासाठी छान उपक्रम होईल.

वेळणेश्वरापासून जवळच दक्षिणेस हेदवी आहे. दशभुज गणपतीच्या देवळासाठी ते प्रसिद्ध आहे. तिथल्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ 'बामणघळ' नावाची खडकातली अरुंद घळ आहे. भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते, कोंडते आणि पाण्याचा उंच फवारा उडतो. कठीण बेसॉल्टमधली भेग लाटांच्या माऱ्याने रुंदावत गेली, तिची ही घळ झाली. खडकाळ टोकाशी समुद्र जमीन खातो आणि दोन टोकांमधल्या शांत भागात वाळू आणून टाकतो, हे दोन्ही एकाच फेरीत दाखवता येते. मात्र मुलांना तिथे ओहोटीच्याच वेळी न्यावे आणि घळीच्या काठापासून दूर ठेवावे.

सीमा सरकते आहे

पूर्वी आगराला पाणी रहाटाने दिले जाई. बैल किंवा रेडा फिरे, गाडगी भरून वर येत आणि पन्हळीतून पाणी झाडांच्या आळ्यांत जाई. जनावर थकले की रहाट थांबे. उपसा हळूहळू होई आणि विहिरीला पुन्हा भरायला उसंत मिळे. शिवाय आळ्यात ओतलेल्या पाण्यापैकी बराच भाग परत वाळूतच मुरे. विजेचा पंप थकत नाही. तो थोड्या वेळात पातळी खाली ओढतो, आणि चाळीस पटींचा नियम आपण पाहिलाच आहे. पर्यटक वाढले, निवासगृहे वाढली की पाण्याची मागणी सर्वांत जास्त असते ती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे साठा सर्वांत कमी असताना. एकदा विहीर खारट झाली की ती एका पावसाने पूर्ववत होईलच असे नाही.

वरच्या बाजूलाही बदल होतो आहे. चिऱ्याच्या खाणी यंत्राने जलद खणल्या जातात. घरासाठी चिरा लागतोच, त्याला पर्याय सोपा नाही. पण जांभ्याचा थर काढला की पाणी साठवणारी टाकीच तेवढी लहान होते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात मे महिन्यात टँकर का धावतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. त्यात भर म्हणजे जगभर समुद्राची पातळी वाढते आहे. पातळी वाढली की खारी सीमाही वर सरकते. यातल्या समुद्राच्या पातळीवर गावाचा ताबा नाही. उपसा आणि सडा यांच्यावर मात्र आहे.

शाळेत काय करता येईल?

पहिला प्रयोग वर्गातला. पारदर्शक नळी इंग्रजी 'यू'च्या आकारात वाकवून तीत समुद्राचे पाणी भरा. मग एका बाजूने रंगीत गोडे पाणी थेंबाथेंबाने सोडा. दोन्ही पाण्यांच्या सीमेपासून मोजले असता गोड्या पाण्याचा स्तंभ ४१ सेंटिमीटर झाला की दुसरीकडचा खाऱ्या पाण्याचा स्तंभ सुमारे ४० सेंटिमीटर असेल. हा एक सेंटिमीटरचा फरक म्हणजेच वरच्या समीकरणातला 'उ'.

दुसरा उपक्रम वर्षभराचा. समुद्रापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या चार-पाच विहिरी निवडा. ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला एका ठरावीक तिथीला, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेल्या दोरीने काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. तिथी ठरवण्याचे कारण असे की किनाऱ्याजवळच्या विहिरीची पातळी भरती-ओहोटीबरोबर थोडी हलते. प्रत्येक विहिरीच्या पाण्याचा नमुना शाळेत आणून त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. क्लोराइड असेल तर पांढरा साका दिसतो. साका जितका दाट तितका खारेपणा जास्त. हे द्रावण शिक्षकांनीच हाताळावे, कातडीवर त्याचे काळे डाग पडतात.

तिसरा उपक्रम नकाशाचा. गावाच्या नकाशावर देऊळ, विहिरी, पाखाड्या, गडगे, झरे, बंद पडलेल्या रहाटांच्या जागा आणि पोफळीची शेवटची रांग दाखवा. विहीर कोणी, केव्हा बांधली, पाणी कधी खारट झाले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. दहा वर्षांनी एखाद्या विहिरीची चव बदलली तर ती केव्हापासून आणि किती बदलली, हे सांगू शकणारी नोंद कदाचित शाळेच्या कपाटातल्या या वहीतच असेल. म्हणून प्रत्येक नोंदीखाली तारीख, वेळ आणि मोजणाऱ्या इयत्तेचे नाव घालायला विसरू नये, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी मे महिन्याचे मोजमाप कोण घेणार हे ठरवून ठेवावे.